हिरोचा रंग बदलला, इतिहास मात्र गाळला

२०११ चा 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर' ज्यांनी पाहिलाय त्यांना तो सीन आठवत असेल. हायड्रा या नाझींच्या गुप्त संघटनेच्या कारखान्यात कोंडलेल्या सैनिकांना कॅप्टन सोडवतो, पिंजऱ्यातून एकेक जण बाहेर येतोय, त्यात एक जपानी चेहऱ्याचा सैनिक दिसतो आणि शेजारचा गोरा सैनिक कुरकुरतो की आता काय सगळ्यांनाच बरोबर घ्यायचं का, तर तो गळ्यातला बिल्ला पुढे धरून सांगतो की बाबा मी फ्रेस्नोचा आहे. त्याचं नाव जिम मोरिता. त्याच टोळीत गेब जोन्स नावाचा काळा सैनिक आहे, त्याला जर्मन येतं, कुठे शिकलास विचारल्यावर तो हॉवर्डमध्ये म्हणून सांगतो. दोन सेकंदांचे विनोद, पब्लिक हसतं आणि पिक्चर पुढे जातो.

आता कॅलिफोर्नियातल्या या फ्रेस्नोचं खरं काय झालं होतं ते बघा. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्टनी ९०६६ नंबरचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांमध्ये नेऊन टाकलं, त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकन नागरिक होते. फ्रेस्नोला जिथे दरवर्षी जत्रा भरायची त्या मैदानावर त्या वर्षी बराकी उभ्या राहिल्या आणि जवळपासच्या हजारो लोकांना आधी तिथे आणि मग पार आर्कान्सासच्या छावणीत पाठवलं. म्हणजे मोरिता युरोपात नाझींशी लढत असताना त्याची आई काटेरी तारेच्या आत असणार. जपानी वंशाची पोरं खरोखर लढलीही, पण ४४२ नंबरच्या वेगळ्या रेजिमेंटमध्ये, गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावून नाही. आणि हॉवर्ड ही वॉशिंग्टनमधली काळ्या विद्यार्थ्यांची नावाजलेली युनिव्हर्सिटी, तिथे शिकलेल्या पोराला त्या काळच्या आर्मीत काळ्यांच्या वेगळ्या युनिटमध्येच जावं लागलं असतं, कारण सैन्यातली ही वेगळी चूल मोडायचा ट्रूमनचा आदेश आला जुलै १९४८ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर ३ वर्षांनी.

मला या सीनचा राग यासाठी येतो की लिहिणाऱ्याला हे माहीत होतं. उगाच कोणी फ्रेस्नो आणि हॉवर्ड ही नावं टाकत नाही. माहीत असून त्यांनी फक्त चेहरे घेतले आणि त्या चेहऱ्यांबरोबर येणारी गोष्ट गेटबाहेर ठेवली.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉमिक्समधल्या हिरोंचे सिनेमे करताना काळ्या, ब्राऊन, आशियाई माणसांना घ्या, जरूर घ्या, ज्या पात्राला घ्यायचंय त्याला घ्या, पण हॉलिवूडनं गेली १५-२० वर्षं रंग बदलायचं सोपं काम केलं आणि त्या रंगामुळे अमेरिकेत माणसाचं काय होतं हे सांगायचं अवघड काम टाळलं. आणि आपण सगळे, म्हणजे बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघंही, नुसत्या कास्टिंगवर भांडत बसलोय.

विरोधाचं आधी बोलू. याच २०११ मध्ये 'थॉर' आला, त्यात हायमडॉल या नॉर्स देवाच्या भूमिकेत इद्रिस एल्बा, आणि कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स नावाच्या संघटनेनं बहिष्काराची हाक दिली की गोऱ्यांच्या देवाला काळा नट कसा. तेव्हा बऱ्याच लोकांनी हे हसण्यावारी नेलं. पण ही संघटना कुठून आली ते बघा, १९५० च्या दशकात शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसू नयेत म्हणून दक्षिणेत ज्या व्हाइट सिटिझन्स कौन्सिल्स निघाल्या होत्या त्यांचीच ही पुढची पिढी. आणि जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या ९ काळ्या माणसांना गोळ्या घालणाऱ्या डिलन रूफनं स्वतःच लिहून ठेवलं होतं की त्याचं डोकं फिरायला सुरुवात झाली ती याच संघटनेची वेबसाइट वाचून. म्हणून नाराज होणारा प्रत्येक फॅन वंशवादी असतो असं मी म्हणत नाहीये, बिलकुल नाही, लहानपणापासून डोक्यात बसलेलं पात्र वेगळं दिसलं की खटकतं, मलाही खटकतं. पण 'हा फक्त पात्राच्या शुद्धतेचा प्रश्न आहे, यात राजकारण कशाला आणता' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा लाऊडस्पीकर लावून मांडला कोणी ते लक्षात ठेवावं.

आणि शुद्धता कसली? पहिल्याच अंकाच्या कव्हरवर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय, अंकावर तारीख मार्च १९४१, अमेरिका युद्धात उतरायला अजून ९ महिने होते आणि देशातले कितीतरी लोक म्हणत होते आपण या भानगडीत पडू नये. कॅप्टनला जन्माला घालणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोन ज्यू तरुण होते आणि ते सरळ सरळ बाजू घेत होते. राजकारण नंतर घुसवलेलं नाहीये, जन्मतःच आहे.

कॉमिक्सच्या धंद्यात रंगाचं राजकारण कसं चालायचं त्याचं मला सगळ्यात ठळक वाटणारं उदाहरण म्हणजे ईसी कॉमिक्सची 'जजमेंट डे' ही छोटी गोष्ट, १९५३ ची. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर रोबॉट्सच्या ग्रहावर तपासणीला जातो, तिथे केशरी रोबॉट आणि निळे रोबॉट, आतून दोघंही सारखेच, फक्त वरचं कवच वेगळं, आणि निळ्यांना वेगळी वस्ती, हलकी कामं, बसमध्ये मागची जागा. तो त्यांना सांगतो की तुम्ही अजून आमच्या गणराज्यात यायच्या लायकीचे नाही. परत निघाल्यावर यानात तो हेल्मेट काढतो आणि शेवटच्या चौकटीत कळतं की तो काळा आहे, कपाळावर घामाचे थेंब चमकतायत. १९५६ च्या सुरुवातीला ही गोष्ट पुन्हा छापायची ठरली तोवर कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घातलेली सेन्सॉरची नियमावली, आला होता, आणि कोडच्या प्रमुखानं, जे स्वतः न्यायाधीश राहिले होते, सांगितलं की अंतराळवीर काळा चालणार नाही. संपादक फेल्डस्टाइन आणि प्रकाशक गेन्स यांनी ऐकलं नाही, अहो गोष्टच त्याच्यावर उभी आहे. मग म्हणे निदान तो घाम तरी काढा. गेन्सनी पेपरवाल्यांकडे जायची धमकी दिली आणि गोष्ट होती तशी छापली, घामासकट. त्याच महिन्यांत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीमध्ये काळी माणसं बसवर बहिष्कार टाकून रोज मैलोन्मैल पायी कामाला जात होती.

त्या घामाचं मला फार महत्त्व वाटतं. हेल्मेटच्या आतला माणूस नुसता काळ्या शाईनं रंगवलेला नव्हता, तो घाम गाळणारा, जिवंत माणूस होता, आणि कोडवाल्यांना तेवढंही सोसवेना.

आता कॅप्टनकडेच परत येऊ कारण सगळ्यात मोठी संधी तिथे होती. २००३ मध्ये मार्व्हलनंच 'ट्रूथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक' नावाची मालिका काढली, लेखक रॉबर्ट मोरालेस, चित्रं काइल बेकर. कल्पना अशी की स्टीव्ह रॉजर्सला ज्या औषधानं ताकद दिली ते औषध सरकारनं काळ्या सैनिकांवर त्यांना न सांगता टोचून बघितलं, बहुतेक मेले, त्यातला वाचलेला एक आयझाया ब्रॅडली, त्यानं कॅप्टनचा ड्रेस चोरून घातला आणि नाझींच्या तळावर गेला, आणि बक्षीस म्हणून त्याला मिळाला तुरुंग. हे हवेतून आलेलं नाहीये. अलाबामातल्या टस्किगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, पूर्ण ४० वर्षं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या शेतमजुरांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा दिलं नाही, रोग आतून काय करतो ते बघायचं होतं म्हणून. अध्यक्ष क्लिंटननी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

म्हणजे 'फर्स्ट अव्हेंजर' बनत होता तेव्हा ही गोष्ट ८ वर्षं घरच्याच कपाटात पडलेली होती. घेतली नाही. घेतली ती २०२१ मध्ये, जॉर्ज फ्लॉइडचा मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आणि तीही थिएटरात नाही, 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या घरी बघायच्या सिरीजमध्ये. पण काय केलंय ते काम! बाल्टिमोरच्या घरात कार्ल लम्बली बसलाय, ३० वर्षं जेलमध्ये काढलेला म्हातारा, आणि स्टीव्हनं ज्याच्या हाती आपली ढाल दिली त्या काळ्या सॅम विल्सनला सांगतोय की काळ्या माणसाला हे लोक कधी कॅप्टन अमेरिका होऊ देणार नाहीत आणि दिलं तरी स्वाभिमान असलेल्या काळ्या माणसानं ते घेऊ नये. सॅमकडे उत्तर नाही. इतक्या वर्षांच्या मार्व्हलमध्ये असा सीन दुसरा नाही, एकही माणूस उडत नाहीये, एकही बिल्डिंग पडत नाहीये, आणि नजर हलत नाही.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅम करणाऱ्या अँथनी मॅकीचा कॅप्टन मोठ्या पडद्यावर आला. अमेरिकेचा अध्यक्ष लाल राक्षस होऊन व्हाइट हाऊस फोडतो, काळा कॅप्टन त्याला समजावून शांत करतो. आयझाया आहे, त्याला व्हाइट हाऊसला बोलावतात, त्याच्या मेंदूचा ताबा कोणीतरी घेतं, तो गोळी झाडतो, पुन्हा जेलमध्ये जातो. केवढी भयंकर गोष्ट आहे ही, ज्या माणसाचं आयुष्य सरकारनं खाल्लं त्याला म्हातारपणी परत त्याच कोठडीत टाकलंय, आणि सिनेमा तिथे थांबतच नाही. सॅमवर काय दडपण आहे यावर एक-दोन वाक्यं येतात, की संपलं. भिंतीला ओल आलीये ती तशीच ठेवून वरून नवा रंग मारल्यासारखं वाटतं.

आणि पडद्याबाहेर काय झालं? रिलीजच्या आधी रोममध्ये मॅकी म्हणाला की कॅप्टन म्हणजे शब्द पाळणारा, प्रामाणिक माणूस, त्याला अमेरिकेपुरता बांधून ठेवू नये. झालं, दोन दिवस गदारोळ, देशद्रोही इथपर्यंत मजल, शेवटी बिचाऱ्याला लिहावं लागलं की मी अभिमानी अमेरिकन आहे. २०११ मध्ये ख्रिस एव्हान्स साधारण हेच बोलला होता, की हा झेंडा फडकवायचा सिनेमा नाही, अमेरिकन बाजूत मी फार अडकत नाहीये, आणि त्यावर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. गोऱ्या नटाचं देशप्रेम गृहीत धरलं जातं, काळ्यानं ते सिद्ध करत राहायचं. ओबामांना जन्मदाखला दाखवायला लावला होता तो याच प्रकारातला. सिनेमानं न सांगितलेली गोष्ट सिनेमाच्या प्रमोशनमध्ये घडली.

एक्स-मेनचं थोडक्यात सांगतो कारण त्याचा मला जास्तच त्रास होतो. म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेली माणसं, म्हणजे छळ होणारे अल्पसंख्य, हे रूपक सगळ्यांना पाठ आहे. २०११ चाच 'फर्स्ट क्लास', काळ १९६२, क्युबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच. त्या पेचाच्या जेमतेम दोन आठवडे आधी जेम्स मेरेडिथ या एका काळ्या विद्यार्थ्याला मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळावा म्हणून केनेडींना फौज पाठवावी लागली होती, दंगलीत दोन माणसं मेली. द्वेष आणि भीती या विषयावरच्या या सिनेमात त्याचा उल्लेखही नाही. उलट चांगल्या बाजूचा एकमेव काळा म्युटंट डार्विन, ज्याची शक्तीच कुठल्याही संकटात जगून राहायची आहे, तो पोरांमध्ये सगळ्यात आधी मरतो, आणि दुसरी ब्राऊन मुलगी व्हिलनला जाऊन मिळते. रूपक राहिलं, ज्यांच्यावरून रूपक घेतलं ते गायब.

'ब्लॅक पँथर' वेगळा आहे हे कबूल करायलाच पाहिजे आणि मनापासून करतो. टी'चालाचं, म्हणजेच ब्लॅक पँथरचं, पात्र आलं जुलै १९६६ च्या अंकात आणि ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हा योगायोग. पण मार्व्हलला त्या नावाची इतकी धास्ती बसली की १९७२ मध्ये काही काळ पात्राचं नाव ब्लॅक लेपर्ड करून बघितलं. त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं त्याच अमेरिकन पार्टीवरून दलित पँथर हे नाव उचललं, तिकडे कंपनी नावापासून पळत होती आणि इकडे पोरं ते नाव अभिमानानं मिरवत होती. मराठी वाचकाला हा सिनेमा बघताना जी कळ लागते तिचं एक कारण हे आहे.

तर २०१८ चा सिनेमा. रायन कूगलर स्वतः ओकलंडचा, आणि त्यानं सुरुवातच तिथे केली, १९९२, बास्केटबॉल खेळणारी पोरं, वर एका फ्लॅटमध्ये बंदुका. त्याच पोरांमधला एक मोठा होऊन किलमाँगर होतो, आणि लंडनच्या म्युझियममध्ये तो विचारतो की तुमच्या पूर्वजांनी या वस्तू रीतसर विकत घेतल्या होत्या का, आणि मरताना म्हणतो की मला समुद्रात टाका, माझे पूर्वज जहाजावरून उडी मारून गेले तसं, कारण बेडीपेक्षा मरण बरं हे त्यांना कळलं होतं. २० कोटी डॉलर घालून केलेल्या सुपरहिरो सिनेमात गुलामांच्या जहाजाबद्दल हे बोललं गेलं आणि जगभर १३० कोटी डॉलरच्या वर धंदा झाला, वर तीन ऑस्कर. म्हणजे लोकांना इतिहास नको असतो हे साफ खोटं आहे.

तरीपण माझी तक्रार आहे. हे सगळं बोलायला दिलंय कोणाला तर व्हिलनला, आणि तो मेल्यावर त्याचा राग मिटला असं मानायचं. आणि जगभरच्या दबलेल्या काळ्या लोकांकडे निघालेली शस्त्रं हवेतच पाडणारा शूर माणूस कोण, तर सीआयएचा गोरा एजंट. अहो ज्या ओकलंडमध्ये सिनेमा सुरू होतो तिथल्या पार्टीला मोडून काढायला एफबीआयनं काय काय केलं, डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत २१ वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे बिछान्यात मारलं त्या घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं पुरवला होता. अमेरिकन सरकारी एजन्सीचा माणूस मित्र म्हणून दाखवायचाच होता तर निदान एखाद्या पात्रानं त्याच्याकडे संशयानं बघायला हवं होतं, तेही या कारणासाठी. तेवढी जागा सिनेमात होती.

आता बाजूनं बोलणाऱ्यांकडे येतो, म्हणजे माझ्याच बाजूकडे. आपल्याला पोस्टरवर काळा चेहरा दिसला की जिंकल्यासारखं वाटतं, आणि अमेरिकेच्या राजकारणातही हेच झालंय. २००८ ला ओबामा निवडून आले, जग नाचलं, २०१२ ला परत आले. आणि जून २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शेल्बी काउंटीच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच काढून घेतला, म्हणजे दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी लागायची ती अट निकामी केली. कारण काय दिलं? देश बदललाय, दक्षिणेत काळ्यांचं मतदान वाढलंय, काळे लोकप्रतिनिधी वाढलेत, तेव्हा जुनी बंधनं आता कशाला. निकाल लागल्या लागल्या टेक्ससनं अडवून ठेवलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू केला. वरच्या खुर्चीत काळा माणूस दिसतोय म्हणजे खालचा प्रश्न मिटला, हेच ते लॉजिक, आणि 'फर्स्ट अव्हेंजर'मधल्या त्या हसऱ्या मिक्स टोळीचंही लॉजिक हेच आहे. चेहरे दिसले की लोक निर्धास्त होतात आणि हक्क मागच्या दारानं जातात.

मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर २०२३ मध्ये म्हणाले की आमचे लोक मुख्य काम विसरले होते, आधी करमणूक, संदेश नंतर. २०२५ मध्ये तर एफसीसीनं, म्हणजे टीव्ही-रेडिओवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, डिस्नीच्या विविधता धोरणांचीच चौकशी लावली. आता स्टुडिओ अजून घाबरणार, उघड दिसतंय. पण करमणूक आणि इतिहास यांचं वाकडं आहे हे मला पटतच नाही. २०२३ च्या स्पायडर-व्हर्समध्ये, जो आपल्याकडे मराठीतही डब होऊन आला, पवित्र प्रभाकर आपलं मुंबॅटन दाखवत उड्या मारत जातो, इथे ट्रॅफिक, इथे ट्रॅफिक, आणि इथे ब्रिटिशांनी आमचा सगळा माल चोरला. एका दमात. थिएटर हसतं आणि गोष्ट सांगूनही होते, सिनेमा एक सेकंद थांबत नाही. फ्रेस्नोच्या सीनला असं एक वाक्य देता आलं असतं.

जाता जाता आपल्या लोकांशी थोडं बोलायचंय, कारण फेसबुकवर काळा हायमडॉल, काळी अमुक, सगळं वोक झालंय म्हणून सगळ्यात जोरात ओरडणाऱ्यांत न्यू जर्सी आणि टेक्ससमधली मराठी मंडळीही दिसतात. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड यांना, पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत असलेल्या माणसाला, तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. हे दार खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो कायदा झाला नागरी हक्कांच्या लढ्यानं देशाची हवा बदलली म्हणून, मतदान हक्काचा कायदा झाला त्याच वर्षी. ती हवा बदलायला मार खाल्ला काळ्या माणसांनी. तुमच्या-माझ्या नातेवाइकांच्या ग्रीन कार्डमागे १९६५ मध्ये मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या काळ्या माणसांनी सेल्माच्या पुलावर खाल्लेल्या लाठ्या आहेत, त्यामुळे हा विषय आपला नाही असं निदान आपण तरी म्हणू नये.

एक्स-मेन आता डिस्नीच्या घरात आलेत, पुन्हा नव्यानं येणारच, आणि कोणाला कोण करणार यावर पुन्हा महाभारत होणार. माझं त्या यादीकडे लक्ष नसेल. मला बघायचंय की सिनेमा कुठल्या गावात आणि कुठल्या साली घडतोय, त्या गावात त्या साली त्या रंगाच्या माणसाला कुठल्या दारानं आत जायला परवानगी होती हे स्क्रिप्टमध्ये आहे का, आणि ते लिहायला टेबलावर बसलेत कोण. आयझाया ब्रॅडलीची गोष्ट २००३ पासून लिहून तयार आहे, नट आहे, हक्क आहेत, पैसा आहे. ती दोन तास मोठ्या पडद्यावर सांगा, मग म्हातारा आयझाया करायला लम्बली असो नाहीतर दुसरा कोणी, पहिल्या शोचं तिकीट मी काढतो.